डावीकडची, पंखाच्या पुढची

ओशच्या विमानतळावर दुसऱ्या काउंटरवर
अकरा वर्षं बसते आहे मी. बुरुलाय.
छातीवर नावाची पट्टी, तिची पिन मोडकी.
सकाळी सातचं बिश्केकचं विमान
माझ्याच हातून भरतं, रांगेमागून रांग,
आणि मी एकदाही त्यात बसलेली नाही.

तरी विचारा, कुठली खिडकी घ्यावी.
डावीकडची घ्या. चौथी रांग, फार तर सहावी.
सातव्यापासून नुसता पंख, पत्र्याचं पठार.
अकरावीत तर खिडकीच नाही, कोरी भिंत;
तिथे मी काउंटरवरच जांभया देणाऱ्यांना बसवते.
उजवीकडे शिखरं जास्त उंच, हो,
पण त्या वेळी सूर्यही तिकडूनच डोळ्यांत शिरतो.
माणसं पडदा ओढून घेतात
आणि हट्टाने मागून घेतलेला डोंगर
प्लॅस्टिकच्या पापणीआड जातो.

हे सगळं परत आलेल्यांनी सांगितलेलं.
तोक्तोगुलचं पाणी निळं, असं एका सुईणीने;
छे, हिरवं, असं बँकेतल्या एका साहेबाने.
गेले होते दोघं वेगवेगळ्या महिन्यांत.
मी दोन्ही रंग ठेवून घेतले.

मार्चमध्ये ओमुरझाक आके आले.
तीस वर्षं खालच्या रस्त्याने ट्रक चालवलेला माणूस,
इथून कलिंगडं, येताना पीठ.
गुडघे गेले तेव्हा लेकीने विमानाचं तिकीट काढलं.
काउंटरवर दोन्ही तळवे टेकून म्हणाले,
"पोरी, डोंगर नकोत. रस्ता दिसेल अशी दे."

चार-ए दिली.

एप्रिलमध्ये परतले ते थेट माझ्याकडे,
बॅग तिकडे पट्ट्यावर फिरत राहिली.
खिशातून तीन कुरुत काढून ठेवले,
खारट, गारगोटीसारखे टणक.
"दिसला का?"
"दिसला. शिवण उसवल्यावर कापडाला चिकटून राहतो ना,
तसा दोरा.
तोओ-आशूचा घाट, जिथे एका जानेवारीत
तीन रात्री इंजिनाखाली जाळ घालून बसलो होतो,
तो गेला, ती मुलगी चहा ओतत होती तेवढ्यात.
साखर ढवळायची राहिली."
मग टोपी सारखी करत, हळूच,
"खालून एक ट्रक चढत होता. निळा.
मी काचेला नाक लावून
आत कोण बसलंय ते बघत होतो."

ऑक्टोबरात मीच निघाले, दाढ दाखवायला.
चार-ए स्वतःलाच दिली.
शेजारच्या काउंटरवरच्या चिनाराने शिक्का मारताना डोळा मारला.
आणि ढग.
ओशपासून बिश्केकपर्यंत ढग,
मेंढ्या कातरून झाल्यावर अंगणभर लोकर पडावी तसे.
पाणी नाही, निळं नाही, हिरवं नाही.
रस्ता नाही.
अकरा वर्षं लोकांना वाटलेली जागा,
माझ्या वाट्याला आली तर खाली सगळं पांढरं.
दाढ ठणकत होती. मीही पडदा ओढणारच होते.

तेवढ्यात ढगावर सावली दिसली,
आमच्याच विमानाची, माशीएवढी,
भुकेल्या कुत्र्यासारखी बरोबर पळणारी,
आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं पुरं गोल कडं.
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.
शेजारचे मास्तर माझ्यावरून वाकून म्हणाले,
सूर्य उजवीकडे असला तर ते डावीकडेच पडतं, बाई.
आणि कड्याचा मध्य, जो बघतो त्याच्यावर;
शेपटीकडच्याला शेपटीवर, तुम्हाला तुमच्या खिडकीवर.
मी काचेपाशी हात हलवून पाहिला.
तिकडे काही हललं नाही.

सोमवारी पुन्हा काउंटरवर. गाल सुजलेला, पिन अजून मोडकीच.
एक बाई विचारते, कुठली खिडकी बरी?
डावीकडची, पंखाच्या पुढची.
आणि ढग असले तर?

जिभेने दाढेची रिकामी जागा चाचपत मी म्हणते,
तरी डावीकडचीच.